पावडर आणि ॲसिड एका फळीवर

माझा मेव्हणा जन्मात कुणाला भ्याला नाही. देवाला नाही, पोलिसाला नाही, आणि बेळगावच्या वडगावातली अख्खी गल्ली जिला भिते त्या स्वतःच्या बायकोलाही नाही. तो भितो एकट्या ब्लिचिंग पावडरला. आणि जिला भितो तिच्याच मागं सगळा जन्म घालवला. असल्या माणसाला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. सापडलं असतं तर त्याच्या तोंडावरच म्हणालो असतो.

आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे निपाणीच्या आमच्या घराच्या मागच्या स्लॅबवरची पाण्याची टाकी धुतली. तिघं म्हणजे मी, माझी बायको आणि तिचा हा धाकटा भाऊ. दुसऱ्याच्या घरी टाकी धुवायला एक माणूस आणि एक खराटा लागतो. आमच्याकडं मेव्हणा बेळगावहून पिशवी भरून सामान आणायचा. रबरी हातमोजे, डोळ्यांवर गच्च बसणारा चष्मा, फडक्यात गुंडाळलेली लाकडी पळी, आणि हिच्याच एका जुन्या लुगड्याची चिंधी. ती चिंधी आधी टीव्हीच्या छत्रीला बांधायची. ती कोल्हापूरकडं उडाली की आम्ही बेळगावच्या अंगाला उभं राहायचं, बेळगावकडं उडाली की कोल्हापूरच्या. चिंधी नुसतीच लोंबत राहिली तर काम बंद, वारा सुटेपर्यंत चहा. त्या दिवशी चहावर चहा झाला. मग एकदाची चिंधी हलली आणि प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग पावडर. हे उलटं करायचं नाही. "पाणी आदी येऊन बसलं पायजे, दाजी. पावडर मागनं येणार. पावडरीवर पाणी वतलं की ती तोंडावर येती." मग तोंड फिरवून पळीनं ढवळायचं. मग गाळ खाली बसेपर्यंत कुणी बोलायचंसुद्धा नाही, जशी काय गाळाची झोपमोड होणार. आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत जाणार. आम्ही दोघं म्हातारे त्या बादलीकडं बघत गप उभे, तोवर खालनं ही ओरडली, "झाली का रं सत्यनारायणाची पूजा? भाकऱ्या गार व्हायला लागल्यात!"

"आक्का, तू वाऱ्याच्या खालच्या अंगाला हाईस! सरक तिथनं!"

"मी चुलीम्होरं हाय. चूल काखंत मारून सरकू व्हय?"

"दार तरी लाव!"

"दार लावलं तर धूर कुठं सोडू, तुझ्या नाकात?"

टाकी धुऊन झाली. खाली येऊन तिघं जेवलो. पिठलं होतं, खर्डा होता, आणि भाकरी खरंच गार झाली होती.

तो दिवस तिथंच राहू दे. आधी हा माणूस नीट सांगितला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटायचं की तो शहाणा आहे.

वडगावात घरोघरी माग. सूत मागावर चढायच्या आधी पांढरं करायला लागतं, आणि ते जिथं करतात तिथं हा मिसरूड फुटायच्या आधी कामाला लागला आणि हातपाय थकेपर्यंत तिथंच राहिला. मोठमोठे हौद, त्यात पावडरीचं पाणी, त्यात सुताच्या लडी, आणि काठावर हा, वाऱ्याकडं पाठ करून. त्यामुळं त्याच्या अंगावर एका रंगाचा कपडा कधी टिकला नाही. तपकिरी विजार म्हणून घ्यायचा, आणि महिनाभरात तिच्यावर शिंतोड्यांनी अख्खा बेळगाव जिल्हा उमटायचा. मांडीवर काकती, गुडघ्यावर संकेश्वर, आणि बसायच्या जागी धरण. एक भुवई दुसरीपेक्षा फार आधी पांढरी झाली, म्हणून फोटोत तो कायम कसला तरी संशय आल्यासारखा दिसतो. आणि वास! शनिवारी त्याला सुट्टी असायची, म्हणून दर शनिवारी तो बहिणीच्या हातची भाकरी खायला निपाणीला यायचा. काम सुटलं तरी ही सवय सुटली नाही. तो गल्लीच्या तोंडाशी आला की आमच्या दारातलं कुत्रं शिंकायचं. कुत्रं शिंकलं की ही चुलीवर तवा टाकायची. घड्याळ आमच्याकडं होतं, पण ते कुणी बघायचं नाही.

मी स्वतः तंबाखूच्या वखारीत पोती उचलून म्हातारा झालो. ही घरात बसून विड्या वळायची. म्हणजे दोघांच्या अंगाला तंबाखूचा वास, आणि शनिवारी मधे येऊन बसणार हा, पावडरीचा. आमच्यात भाकरीला नक्की कसली चव असायची ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. बाहेर कुठं जेवलो की मात्र वाटायचं, ह्यात काहीतरी कमी आहे.

पावडर म्हणजे जावई, हे त्याचं एक ठरलेलं व्याख्यान. आणि ते तो माझ्याच ताटासमोर बसून द्यायचा, त्यांच्या घरचा जावई मीच असताना. "जावायाला कोरड्या जागी बसवायचा," बोट वर करून सुरू व्हायचा. "ओल लागली की तापतो. उन्हात ठिवायचा न्हाई. चुलीपासनं लांब. तेल, रॉकेल, साखर, भुसा, कशाच्याबी शेजारी बसवायचा न्हाई, पेट घेतो. लोखंडाच्या भांड्यात घालायचा न्हाई, भांडं खाऊन टाकतो. आनी लई दिवस घरात ठिवून घ्यायचा न्हाई, ताकद जाती."

"मग ॲसिड कोण?" मी विचारायचो. उत्तर पाठ होतं, तरी विचारायचो.

"ॲसिड म्हंजी सासू. दोघं एका जागी आली की घरात कुणी थांबायचंच न्हाई. जो गॅस निघतो तो छातीत शिरतो आनी माणूस आडवा करतो. राग मानू नका, दाजी."

"मी कशाला राग मानू? माझी सासू गरीब होती."

"गरीबच हुती. पन तुम्ही आलासा की खोकायची."

ह्यावर ही हसायची ती हातातली विडी सुटेपर्यंत. आईची थट्टा चालली आहे ह्याचं तिला काही वाटायचं नाही. भाऊ बोलतोय एवढंच तिला पुरायचं.

कुणाच्याही घरी गेला की हा आधी मोरीत जाणार. लोकांना वाटायचं, लांबनं आलाय, पाय धुवायचे असतील. हा पाय धुवायचाच नाही, बाटल्या हुंगायचा. हुंगायचा म्हणजे नाक लावून नाही. नाक लावणारा माणूस एकदाच हुंगतो, असं म्हणायचा. बाटली लांब धरून हातानं वारा आपल्याकडं घ्यायचा, एखादी बाई ओवाळताना आरतीवरनं हात फिरवते तसा. त्याच्या पोरासाठी मुलगी बघायला आम्ही सगळे संकेश्वरला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, मान खाली घालून बसली, विचारपूस सुरू झाली, आणि वरबाप जागेवर नाही. बऱ्याच वेळानं मागच्या दारानं आला तो तोंड पाडून. मुलीचा बाप घाबरला. म्हणाला, "काय झालं पाव्हणं? पसंत न्हाई का?"

हा म्हणाला, "सोयरीक करू. पन आदी तुमच्या मोरीतल्या दोघांची सोडचिठ्ठी करा."

सगळं घर गार पडलं. मुलीची आई मुलीच्या बापाकडं बघायला लागली. हिनं मला असा चिमटा काढला की जसं काय मीच बोललो. मी हळूच म्हणालो, "ॲसिडची बाटली आणि पावडरीचा डबा म्हणतोय तो. शेजारी शेजारी असतील." तरी कुणी हलेना. मग ती मुलगीच उठली, पदर खोचला, मोरीत गेली, बाटली उचलून परसात लांब ठेवून आली, हात धुतले आणि दारातनंच विचारलं, "डबा कुठं ठेवू, मामा?"

"सुपारी फोडा!" हा ओरडला. नवऱ्या मुलानं अजून तिचं तोंडसुद्धा नीट बघितलं नव्हतं. पोहेही अर्धेच खाऊन झाले होते. संसार मात्र त्यांचा चांगला चालला आहे, आणि मोरी अशी की कुणालाही दाखवावी.

आता आमच्या घरचं सांगतो. निपाणीत चांगली वस्तू जपून ठेवायची म्हणजे तंबाखूशेजारी ठेवायची, कारण विड्या वळणाऱ्या घरात सगळ्यात कोरडी जागा तंबाखूला दिलेली असते. देवाला उरलेली. हिनं त्याच हिशेबानं टाकी धुऊन उरलेली पावडर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरली आणि माळ्यावर तंबाखूच्या पोत्याला टेकवून ठेवली. भावाची वस्तू म्हणून मानाची जागा. पावसाळ्यात वरचं कौल सरकलं, थेंब थेंब डब्यावर पडत राहिला, आणि नेमका शनिवारी, मेव्हण्यानं पहिला घास उचलला आणि माळ्यावरनं आवाज आला, टाप्! झाकण उडून खाली आलं आणि गोल गोल फिरत त्याच्या ताटापाशी येऊन पडलं.

त्यानं झाकण बघितलं. वर बघितलं. नाकाला वास लागला तसा ताटासकट उठला. "आक्का, पावडर कुठं ठिवलीस?"

"तंबाखूपाशी. कोरड्या जागी. तूच म्हणालतास की!"

"पत्र्याच्या डब्यात? तंबाखूला चिकटून? पेट घेतलं म्हंजी! उठा! भाईर व्हा सगळी!" आणि घास हातात तसाच धरून तो गल्लीत पळाला. "भाईर या! चढाच्या अंगाला चला! उताराला जाऊ नका, गॅस जड असतोय, उताराला जातोय!" आमची गल्ली असली की तिला नुसतं 'बाहेर या' म्हणायचा उशीर. दाढीवर साबण असलेला एक माणूस निघाला, त्याच्या मागं वस्तरा घेऊन न्हावी निघाला. शेजारचा आंघोळीतनं उठून टॉवेल गुंडाळून डोळे मिटूनच चालला होता, त्याला कुणीतरी कोपराला धरलं होतं. एका म्हातारीला बाजेसकट उचलली. ती म्हणत होती, "मी मेली न्हाई रं, मेली न्हाई!" सगळी वरात चढावरच्या चहाच्या टपरीपाशी जाऊन थांबली. फक्त आमची बायको नव्हती. मेव्हणा परत फिरला तर ही दारात, सूप मांडीवर, विड्या वळत. म्हणाली, "माझा विड्यांचा कट्टा पुरा हुईस्तवर मी हालणार न्हाई." त्यानं सूप उचलून चालायला सुरुवात केली. सुपात तंबाखू, म्हणून ती मागनं धावली. बहिणीला कसं हलवायचं ते त्याला लहानपणापासनं माहीत होतं.

मग दारं-खिडक्या उघडून वास विरेपर्यंत तो बाहेर थांबला. घाई नाही. मग मोजे, चष्मा. आधी तंबाखूचं पोतं उतरवून लांब नेलं. मग डबा अंगणात आणला आणि प्लास्टिकच्या मोठ्या टपात भरपूर पाणी घेऊन लाकडी पळीनं थोडी थोडी पावडर त्यात सोडत राहिला. सांडलेली एक चिमूटसुद्धा परत डब्यात घालायची नाही, हा त्याचा कायदा. झालं काही नाही. पण गल्लीनं त्या दिवशी टपरीवर असा चहा घेतला की लग्नात कुणी घेत नाही. हिनं चढावरनं सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाली, "एवढी माणसं माझ्या लग्नालापण न्हवती बाई." पुढं कितीतरी दिवस लोक त्याला शनिवारी गाठून विचारायचे, "मामा, आता परत कवा?"

त्याच्या धंद्याचा हिला फार अभिमान, आणि एकच तक्रार. त्याच्या लग्नात हिच्या जांभळ्या रेशमी लुगड्यावर हळद सांडली होती. "जगाचं पांढरं करतोस, आणि बहिणीचा एक डाग तुझ्यानं निघत न्हाई," म्हणून तिनं ते लुगडं त्याच्या पिशवीत कोंबलं. त्यानं नेलं. एक दिवाळी गेली, शिमगा गेला, पुढची दिवाळी आली. लुगडं परत आलं ते घडीसकट, डागासकट.

"रेशीम ह्यात घातलं की त्याची शेवयाची खीर हुती, आक्का. लोकरीचंबी तसंच. डाग ऱ्हाऊ दे."

"मग वरीसभर काय केलंस?"

"सांगायला धीर हुईना."

डाग आत जाईल अशा बेतानं ती ते नेसायची. नंतर नंतर तेही सोडलं. म्हणायची, "असू दे, भावाच्या लग्नाची हळद हाय."

ती गेली बेळगावच्या दवाखान्यात. शेवटच्या दिवसांत डोळे मिटलेलेच असायचे. एकदा सकाळी बाई फरशी पुसायला आली, बादलीतल्या पाण्याचा वास आला, आणि ही डोळे न उघडताच म्हणाली, "आला गं माझा भाऊ." तो त्या वेळी वडगावच्या सिटी बसमध्ये कुठंतरी उभा होता. तो आला तेव्हा बादली दारातच होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बादलीकडं बघितलं नाही. तेव्हाच मला कळायचं ते कळलं.

जाताना तिला तेच जांभळं लुगडं नेसवलं. डाग वरच्या अंगाला आला. कुणी झाकला नाही.

दिवसकार्य झालं. माहेरच्यांनी द्यायचा टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन मेव्हणा आला. रीतीप्रमाणं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. असली पांढरी टोपी मी निपाणीत बघितलेली नाही, बघताना डोळे मिचकावावे लागायचे. स्वतः धुतली होती हे विचारायचं कारण नव्हतं. पाया पडला आणि गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी तवा टाकायचा, आणि कुत्रं काही शिंकायचं नाही. आमचा पोरगा पुण्याहून फोनवर म्हणतो, मामाला फोन करा की. पण काय म्हणून करू? ज्या घरची लेक गेली त्या घरचा मी जावई. आणि ज्या घरात बहीण नाही त्या घरात त्यानं कुणाच्या चुलीपुढं येऊन बसायचं? तिच्यामुळं तो माझा मेव्हणा होता. ती नाही म्हटल्यावर तो वडगावचा एक पांढऱ्या भुवईचा माणूस, आणि मी निपाणीचा एक रिकामा म्हातारा. हे असंच सुटून जाणार हे मला दिसत होतं, आणि ते मला परवडणारं नव्हतं. तो सोडला तर तिला आक्का म्हणणारं जगात आता कोण होतं?

शेवटी एका सकाळी मोरीतली ॲसिडची निळी बाटली काढली. ॲसिड कधीच संपलं होतं. बाटली घासून धुतली, तिच्यात नळाचं पाणी भरलं, बूच लावलं आणि फळीवर नेऊन पावडरीच्या डब्याशेजारी ठेवली. मग फोन लावला.

"पाव्हण्या, एक इचारायचं हुतं. पावडरीशेजारी ॲसिडची बाटली ठेवली तर चालतंय न्हवं?"

त्याचा आवाज एकदम खाली आला.

"कोण ठिवलं?"

"मी."

"फळी कसली हाय?"

"लाकडाची."

"हालती का?"

"जरा हालती."

तिकडं काहीतरी पडल्याचा आवाज झाला, खुर्ची असावी. "दाजी, हात लावू नका! खिडकी उघडा, दार उघडा, आनी चढाला जाऊन बसा! मी आलो!"

बस काकतीला आली तसा तिथनं पहिला फोन आला. "दाजी, जित्तं हाईसा न्हवं?"

"हाय."

"खोकला?"

"तंबाखूचा हाय तेवढाच."

थोड्या वेळानं परत. "वारा कुठल्या अंगाचा हाय?" मी चिंधी बघायला वर जातो म्हणालो, तर ओरडला, "घरात जाऊ नका!" संकेश्वरच्या आसपास उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, आणि तोवर हे प्रकरण अख्ख्या बसचं झालं होतं. मागनं कुणीतरी सांगत होतं, त्यांना दूध पाजा. हा खेकसत होता, दूध नको, वारा पाजा! कंडक्टरनं फोन घेतला आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत विचारलं, "येन री पाव्हणं, बाटली उभी हाय का आडवी झाली?" उभी आहे म्हटल्यावर त्यानं ते बसला ओरडून सांगितलं आणि बसमध्ये टाळ्या पडल्या. मेव्हणा ड्रायव्हरच्या कानाशी "बेगा होग्री, बेगा होग्री" म्हणून घाई करत होता, ते मला इथं चढावर बसून ऐकू येत होतं. कुठल्यातरी म्हातारीनं फोन मागून घेऊन मला न बघताच शंभर वर्षं जगायचा आशीर्वाद दिला. मी घेतला. नको कसं म्हणायचं?

मग मी हळूच घरात गेलो आणि पीठ मळायला घेतलं. आणि कुत्रं शिंकलं.

मी तवा टाकला.

तो आत आला तो मोजे, चष्मा सगळं चढवूनच. तसाच स्टँडवरनं चालत आला असणार. माझ्याकडं बघितलं नाही. फळीपाशी गेला, दोन्ही हातांनी बाटली उचलली, अंगणात नेली, बूच काढलं, लांब धरून हातानं वारा घेतला. थांबला. परत घेतला. मग एक थेंब फरशीवर टाकला. ॲसिड असतं तर फसफसलं असतं. थेंब नुसता ओला होऊन बसून राहिला.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तव्याकडं बघितलं. त्याच्या चष्म्याला आतनं वाफ धरली होती.

मग तो जो सुटला! "दाजी, ह्यो तर त्याच्याहून मोठा गुन्हा! बाटली ॲसिडची आनी आत पाणी? आज तुम्ही ॲसिडच्या बाटलीत पाणी भरलासा, उद्या कुणी पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरंल, आनी परवा कुणी तहानेला येऊन त्ये पिईल! जे आत हाय त्येच वर लिवलेलं पायजे! चौथी शिकलासा न्हवं? लिवता येतंय न्हवं?" माझी भाकरी करपून काळी होईपर्यंत तो बोलत होता. ती गेल्यापासनं इतकं गोड मला कुणी बोललं नव्हतं.

बोलून दमला आणि चुलीसमोर, त्याच्या नेहमीच्या जागेवर बसला. मोजे काढून मांडीवर ठेवले. ताटातल्या भाकरीला विचारल्यासारखं म्हणाला, "आक्का न्हाई, तर मी कुठल्या नात्यानं येऊ, दाजी?"

"आदी भाकरी खा. नातं मागनं काढू."

त्यानं एक तुकडा मोडायचा प्रयत्न केला. "दाजी, ही भाकरी न्हाई, शहाबादी फरशी हाय."

"दात हाईत न्हवं? खा."

त्यानं खाल्ली. मीही खाल्ली. तिच्या जागेकडं दोघांनीही बघितलं नाही.

जायच्या आधी त्यानं सगळं लावलं. पावडरीचा डबा पुसून कोरडा करून सावलीच्या कोपऱ्यात, वरच्या फळीवर. फळीला खिळा मारला. निळी बाटली परसात, पार भिंतीच्या टोकाला. मी स्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये चढताना म्हणाला, "आता सगळं जागच्या जागी हाय, दाजी. आता काळजीचं काय कारण न्हाई." आणि गेला. मी घरी आलो. खरंच सगळं जागच्या जागी होतं. त्या घरात मला बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातनं बाटली आणली. त्याचा कायदा मोडायचा नाही म्हणून डबीतला चुना बोटावर घेतला आणि निळ्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पाणी. चुना वाळू दिला. मग ती उचलून पावडरीच्या डब्याला खेटून ठेवली, आणि वडगावला फोन लावला.